नमुना उत्तर

तिसऱ्या मुलीनंही तेच उत्तर दिलं, तेव्हा पडद्यावरच्या परदेशी प्राध्यापिकेनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमचेही वडील जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते?" तिनं आपल्या भाषेत विचारलं.

"हो."

"आणि परदेशी पाकिटांवरचे पत्ते ते तुम्हाला वाचून दाखवायचे?"

"हो," मुलगी म्हणाली. तेसुद्धा पाठ केल्यासारखं.

"आपण जरा थांबू या," प्राध्यापिका म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या भाषेच्या बाईंनी मान खाली घातली. ते वडील त्यांचे होते.

व्यवस्थापनाच्या त्या कॉलेजात बाई एकोणीस वर्षं परकी भाषा शिकवत होत्या, तेही तासिकेवर. सकाळी सात ते आठ, फायनान्सच्या तासाआधी. निम्मी मुलं झोपेत, निम्मी लॅपटॉपमध्ये. बाहेरच्या कॉलेजात एक सत्र शिकायला जायचं, तर तिथल्या भाषेत दहा मिनिटांची मुलाखत द्यावी लागे. 'आमच्याकडे का यायचंय?' हा प्रश्न ठरलेला. चाळीस तासांत कुणाच्या तोंडी भाषा बसत नाही, हे बाईंना पहिल्याच वर्षी कळून चुकलं. म्हणून त्यांनी एक नमुना उत्तर लिहिलं आणि त्याच्या झेरॉक्स वाटल्या. नवं काही रचत बसण्यापेक्षा स्वतःचंच लिहिलं. खाली सूचना होती, आपापला तपशील भरा. तो आजवर कुणी भरला नव्हता. वर्षाला एकच जण जायचा, त्यामुळे खपून गेलं. यंदा जागा तीन झाल्या, उमेदवार नऊ, आणि मुलाखत घेणारी एकच.

प्राध्यापिकेकडून इंग्रजीत सगळं ऐकून घेऊन कॉलेजच्या परदेश विभागाचे सर बाईंना बाहेर घेऊन गेले. वयानं ते बाईंच्या धाकट्या भावाएवढे.

"मॅडम, हे काय होऊन बसलं? तिघांचे वडील एकाच कचेरीत?"

"अजून सहा जण व्हायचेत," बाई म्हणाल्या.

"तेही हेच सांगणार?"

"दुसरं काही त्यांना येत नाही."

सरांनी कपाळ चोळलं. "त्या प्राध्यापिका आपली यादीच रद्द करायला निघाल्यात. तुम्ही आत जाऊन सांगा, मुलांनी परस्पर कुठून तरी उचललं. हे तिघं बाद होतील, सहा वाचतील. तुमच्यावरही काही येणार नाही. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या तासांचं मी काय सांगू?"

"बघते," बाई म्हणाल्या.

बाई आत जाऊन पडद्यासमोर बसल्या. खोटं बोलायचं तर ते आधी परक्या भाषेत जुळवावं लागणार होतं, तेवढं त्राण अंगात नव्हतं. असतं तरी त्या तीन पोरांच्या माथी मारणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

"उत्तर माझं आहे," त्यांनी त्या भाषेत सांगितलं. "मुलांनी चोरी केलेली नाही. मीच लिहून दिलं, मीच पाठ करून घेतलं."

सरांना ती भाषा येत नव्हती. ते आळीपाळीनं दोघींचे चेहरे बघत राहिले.

"म्हणजे ती कारकुनाची मुलगी तुम्ही?"

"हो."

"मग आलात का आमच्याकडे?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी कधी लिहून ठेवलं नव्हतं. शब्द शोधायला वेळ लागला.

"नाही. जागा मिळाली होती. त्याच महिन्यात आई जिन्यात पडली. भाऊ शाळेत होता. मग राहिलं ते राहिलंच."

प्राध्यापिकेनं पेन पुन्हा हातात घेतलं. "तुम्ही फार जुनं बोलता," ती म्हणाली. "माझी आजी असं बोलायची. आता असं कुणी बोलत नाही."

"मी पुस्तकांतून शिकले. पुस्तकं जुनी होती."

"जेवणानंतर पुन्हा घेते. नऊच्या नऊ, पहिल्यापासून. कागद नको. आणि तुम्ही खोलीत नको."

बाईंनी बाहेर येऊन मुलांना सांगितलं, तेव्हा तिसरी मुलगी रडकुंडीला आली.

"मॅडम, मला सगळ्यात आधी नका पाठवू. मला कारकुनाशिवाय काहीच येत नाही."

"बाबा काय करतात तुझे?"

"लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टला काय म्हणायचं, तेवढं तरी सांगा."

"नाही सांगणार. हातानं दाखव."

"हसतील त्या."

"हसू देत."

"आमच्या घरात कुणी कारकूनसुद्धा नाही," मागून एक मुलगा म्हणाला. "मला तर त्या कारकुनाची आता सवय झाली होती. चांगला माणूस होता."

बाई हसल्या. "होता खरा."

जेवणानंतर पहिली तीच मुलगी आत गेली. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी येऊन सर हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षापासून ॲपवर शिकवायचं ठरतंय, मॅडम. वरूनच आलंय. आजचं काही त्यात नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

दार नीट लागत नव्हतं. आतून मुलीचा आवाज येत होता, अडखळत, भलत्या ठिकाणी थांबत. वडील... माणसं वर, माणसं खाली... दार बंद, वडील येतात. मग बराच वेळ काहीच नाही. सर उठून उभे राहिले. बाई बसूनच होत्या. आत प्राध्यापिका काहीतरी विचारत होती, आणि मुलगी त्याचं उत्तर देत होती. वाकडंतिकडं, पण कागदावर नसलेलं.

चुका बोटांवर मोजायची बाईंची जुनी सवय. एक, दोन, तीन, चार. पाचव्या चुकीला अंगठा आपोआप पुन्हा करंगळीकडे गेला. बाईंनी मूठ मिटली, मांडीवर ठेवली आणि त्या नुसतं ऐकत राहिल्या.