अकरा महिने पडून राहिलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. भट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लोहार आणि त्याचा भाता येत असेल. मी तशी नाही. मी विजेवर चालणारी, लहानशा तिजोरीएवढी, महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली भट्टी. माझ्या पोटात पांढऱ्या विटा आणि तारेची वेटोळी आहेत. पुढे जाडजूड दार, दारावर तापमान दाखवणारी तबकडी. ज्या कारागिराने मला घडवले, तो माझे दार तीनदा लावून पाहून सोबत्याला म्हणाला होता, "ही आपल्याला पुरून उरेल." त्याचा अंदाज चुकला, पण काम त्याने मन लावून केले होते.

प्रयोगशाळेत मला दोन माणसांनी जीव लावला. एक तिथले शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत. रोज सकाळी ते मला पुसत आणि मी तापलेली असताना कोणाला जवळ फिरकू देत नसत. "हात भाजला तर माझ्याकडे मलम नाही," असे मुलांना दरडावत. मलम त्यांच्या खणात कायम असे.

दुसऱ्या होत्या रसायनशास्त्राच्या बाई. त्या संशोधन करत. भुईमुगाच्या शेंगांची टरफले झाकणाच्या भांड्यात घालून त्या माझ्या पोटात ठेवत. हवा फारशी लागत नसल्यामुळे टरफलांची राख न होता कोळसा होई. त्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. पाण्यात शिसे विरघळलेले असेल तर ते या कोळशाला चिकटून राहते आणि पाणी स्वच्छ होऊन खाली उतरते. शिसे हा धातू लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो, आणि पाण्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. बाई प्रयोगशाळेतच शिशाचे पाणी तयार करत आणि कोळशातून गाळून मोजत. आकडा मनासारखा आला की माझ्या दारावर हलकेच थाप मारत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

एके दिवशी बाईंची धाकटी बहीण आली. ती गावाच्या टोकाच्या एका गल्लीत राहत होती. गल्लीमागे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे काढण्याचा कारखाना होता. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"ताई, आमच्या बोअरच्या पाण्याने पितळी कळशी हिरवी पडायला लागलीय. जरा बघशील?"

"ठेव तिथे. याच आठवड्यात बघते," बाई म्हणाल्या.

बाटली माझ्या शेजारच्या फळीवर ठेवली गेली. तो आठवडा गेला. परीक्षा आल्या. मग बाईंचा शोधनिबंध दुरुस्तीसाठी परत आला. बहिणीने एकदा फोनवर आठवण केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, जुन्या बोअरचं पाणी असंच असतं. बघते मी." मामांनी धूळ झटकताना विचारले, "मॅडम, ही बाटली टाकून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको, बहिणीची आहे. बघायचीय." मित्रांनो, शेजारी मी रोज शिशासाठी तापत होते आणि ती बाटली तशीच होती. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

अकरा महिन्यांनी बहीण पुन्हा आली. या वेळी सोबत तिची आठ वर्षांची मुलगी होती.

"हिला तूच काहीतरी सांग, ताई. शाळेत मठ्ठ म्हणतात. पोट दुखतं म्हणून रोज नाटकं. आलेलं सगळं विसरते. मावशीला दोनाचा पाढा म्हणून दाखव गं."

मुलगी 'बे चोक'पर्यंत आली आणि थांबली. तिने वर पाहिले, पण आईच्या चेहऱ्याकडे नाही. आईच्या हाताकडे.

बाईंची नजर फळीवर गेली. त्यांनी बाटली उतरवली, झाकण उघडले आणि यंत्रापुढे बसल्या. पाऊण तास लागला, फक्त पाऊण तास. आकडा आल्यावर त्यांनी पुन्हा मोजले, आणि पुन्हा.

"काय झालं, मॅडम?" मामांनी विचारले.

"शिसं आहे, मामा."

मुलीचे रक्त तपासले, त्यातही शिसे निघाले. डॉक्टरांनी औषधे दिली, ते पाणी बंद करायला सांगितले. रक्तातले शिसे हळूहळू उतरेल, पण झालेले नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले.

त्यानंतर मी जितकी राबले तितकी आयुष्यात कधी राबले नाही. विद्यार्थी पोती भरभरून टरफले आणत. तेवीस घरांसाठी कोळशाच्या गाळण्या तयार झाल्या आणि तपासणी होऊन कारखाना बंद पडला. वर्तमानपत्रवाले आले, त्यांनी माझाही फोटो काढला. बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई नसती तर आमचं काय झालं असतं."

बाईंना ते सोसले नाही. लोक गेल्यावर त्यांनी बहिणीला थांबवून घेतले. मुलगी बाहेर मामांजवळ बसली होती.

"तू दिलेली बाटली अकरा महिने इथेच होती," बाई म्हणाल्या. "मी ती उघडलीसुद्धा नाही."

बहिणीने फळीकडे पाहिले. मग म्हणाली, "मी तिला मारायचे गं. पाढा चुकला की मारायचे."

दोघी उभ्याच राहिल्या. कोणी कोणाचे डोळे पुसले नाहीत. दोघींत भांडण झाले नाही, पण बहीण त्यानंतर प्रयोगशाळेत कधी आली नाही.

पुढे माझी तार जळाली. दुरुस्ती परवडेना, म्हणून मला व्हरांड्यात ठेवले. आता माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. मामा निवृत्त झाले. बाई जाता-येता थांबतात, पण दारावर थाप मारत नाहीत. मुलगी मोठी झाली आहे. अजून अडखळते. तिची आई आता तिच्या शेजारी अभ्यासाला बसते आणि ती थांबली की स्वतःही थांबते, असे बाई एकदा भेटायला आलेल्या मामांना सांगत होत्या.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. माझे दिवस भरले आहेत. पण तुमच्या वर्गात कोणी मागे पडत असेल, सारखे विसरत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी एवढे विचारा, तो कुठले पाणी पितो? आणि विचारायचे असेल तर आजच विचारा.