बसतंय म्हंजी चालतंय?

मी एक जुना कार्ड रीडर आहे आणि मी संतापलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे, थोडी उदास होऊन सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. एका माणसाचा आवाज माझ्या तोंडात ठेवला होता आणि तो माझ्या तोंडातच पुसला गेला. तरीही जो तो मलाच विचारतो, ‘तुला काय झालं होतं?’

आधी ओळख करून देतो. मी निळ्या प्लॅस्टिकचा, काडेपेटीएवढा. माझ्या एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये बसणारी चपटी पिन आहे आणि दुसऱ्या टोकाला फट. कॅमेऱ्यातलं कार्ड त्या फटीत सरकवलं की मी ते वाचतो आणि त्यातले फोटो, त्यातले आवाज कॉम्प्युटरला सांगतो. माझं काम एवढंच. कुठल्याशा लांबच्या देशात, एका दिवसात माझ्यासारखे हजारो तयार झाले. आम्हा सगळ्यांच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं, ‘ऑल इन वन’. म्हणजे कुठलंही कार्ड आणा, मी वाचीन. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं. छापताना मला कुणी विचारलं नव्हतं.

तिथून मी साताऱ्याला आलो. एसटी स्टँडासमोरच्या एका दुकानात खिळ्याला टांगून होतो. एके दिवशी आप्पासो आले. वीस वर्षं पलटणीत कारकुनी करून ते नुकतेच पेन्शनीवर आले होते आणि म्हसवडला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकत होते. त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं.

“आमच्या कॉम्प्युटरला चालंल न्हवं ह्ये?”

“बसतंय की!” दुकानदार मान वर न करता म्हणाला. “बसतंय म्हंजी चालतंय.”

“आन् कार्ड कंचं बी?”

“लिवलंय न्हवं वर? समदी चालत्यात.”

मित्रांनो, हे दुसरं खोटं. पण त्या दिवशी ते खपून गेलं, कारण तेव्हाची कार्डं माझ्या ओळखीची होती.

पहिली दहा वर्षं मी मान मोडून काम केलं. भरतीला निघालेल्या पोरांचे फोटो, बारशाचे फोटो, सिद्धनाथाच्या रथाचे फोटो, सगळे माझ्यातून गेले. खंडेनवमीला पलटणीतल्या सवयीप्रमाणे आप्पासो दुकानातल्या एकेका हत्याराची पूजा करत. कीबोर्डला गंध, प्रिंटरला गंध आणि मला एक झेंडूचं फूल. “लय गुणाचं हाय,” असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग कार्डं बदलली. बाहेरून तेवढीच राहिली, आतून मात्र वाढली. पूर्वी शंभर फोटोंनी भरणारं कार्ड आता तीन-तीन दिवसांचं गाणं पोटात ठेवू लागलं. त्यांची लिहिण्याची रीतच नवी होती. ती मला येत नव्हती आणि आप्पासोंच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरलाही येत नव्हती. पण नवं कार्ड माझ्या फटीत बसायचं ना! बसतंय म्हटल्यावर पुढचं कोण विचारणार?

आता नाथाजींबद्दल सांगतो. म्हसवडच्या पुढे माळावर त्यांची वाडी. जन्मभर मेंढरं राखली आणि धनगरी ओव्या म्हटल्या. ओवीला बसायचं तर आधी सुंबरान मांडावं लागतं, म्हणजे देवाला, गुरूला, गावोगावच्या थोरांना आठवून मगच कथेला हात घालायचा. नाथाजींचं सुंबरान ऐकायला लांबलांबून माणसं यायची. मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ काढली तर माणूस राहील, आवाज राहणार नाही.

त्यांची नात पल्लवी साताऱ्याला कॉलेजात शिकते. तिने मैत्रिणीचा कॅमेरा आणला. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस नाथाजी माळावर बसून गात होते आणि ती टिपून घेत होती. पहिल्या दिवशी त्यांनी अख्खं सुंबरान मांडलं. मग सगळे सांगलीला गेले. पल्लवीला आजोबांजवळून हलता येईना, म्हणून तिने कार्ड आजीच्या, बयाबाईच्या हाती दिलं आणि सांगितलं, “आप्पासोकाकांकडं जा. म्हणावं, ह्याची दुसरी कॉपी काढून ठेवा.”

बयाबाई कार्ड पदराच्या गाठीत बांधून एसटीने म्हसवडला आली. तिने गाठ सोडली. आप्पासोंनी कार्ड माझ्या तोंडात सरकवलं. ते बसलं, अगदी छान बसलं.

मी वाचायला गेलो आणि मला एक अक्षरही लागेना. माझा दिवा लुकलुकत राहिला. मी कॉम्प्युटरला म्हणालो, मला कळत नाही. कॉम्प्युटर म्हणाला, मलाही नाही. मग त्या मठ्ठाने पडद्यावर इंग्रजीत विचारलं, ‘हे कार्ड फॉरमॅट केलेलं नाही. करू का?’

इथेच, मित्रांनो, माझं रक्त उसळतं. कॉम्प्युटरच्या भाषेत फॉरमॅट करणं म्हणजे पाटी पुसणं. पण आप्पासोंनी उभा जन्म कारकुनीत काढलेला. पलटणीत काय, कचेरीत काय, फॉरमॅट म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना. फॉरमॅटमध्ये नसलेला अर्ज परत येतो, हे तेच दिवसातून दहा वेळा लोकांना बजावायचे.

“काय म्हंतंय ओ ते?” बयाबाईने विचारलं.

“फॉरमॅटमंदी न्हाई म्हंतंय. पोरीनं तसंच कच्चं भरून दिलंय. थांबा, फॉरमॅटमंदी करून घेतू.”

“करा बाबा. तुमास्नी कळतंय त्यातलं.”

आप्पासोंनी बटण दाबलं. मी ओरडायला हवं होतं, पण रीडरला ओरडता येत नाही. पुसण्याचा हुकूम माझ्यातूनच गेला. मग कार्ड चालतंय का हे तपासायला त्यांनी रेशनकार्डाच्या आणि दाखल्यांच्या अर्जांची मोठी फाइल त्यात टाकली. ती उघडली. “चालतंय की!” ते खुश होऊन म्हणाले. पण कॉपी काढायला गेले तर नाथाजी कुठेच सापडेनात. “पोरगी आली की बगंल,” असं म्हणून त्यांनी कार्ड ठेवून घेतलं.

आठ दिवसांनी पल्लवी दुकानात आली. सोबत नाथाजी होते, गळ्याला पट्टी बांधलेली. कार्डात नुसते अर्ज बघून तिला रडू फुटलं. आप्पासोंनी मला उपटून टेबलावर आपटलं.

“ह्यो रीडरच भंगार हाय! ह्येनंच खाल्लं!”

दहा वर्षं फुलं वाहिली आणि एका घटकेत मी भंगार! मित्रांनो, मी चोर नाही. मला जे येत नाही ते येतं म्हणून छापणारा, ते न बघता विकणारा आणि न विचारता घेणारा, तिघेही सुटले.

पल्लवीने डोळे पुसले. “काका, रीडरला काय बोलताय? त्याला ह्ये कार्ड कळतंय का, कुणी इचारलं का? आन् पडद्यावरचं कळलं न्हाई तर मला फोन का न्हाई केला?”

आप्पासो खाली बसले. “चूक माजी हाय, पोरी,” ते म्हणाले. नाथाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवी साताऱ्याच्या त्याच दुकानात गेली. मला पर्समध्ये घेऊन गेली होती, नमुना म्हणून. “ह्याच्यासारखं नको,” असं म्हणून तिने मला काउंटरवर ठेवलं. मला फार लागलं ते, पण ती खरंच बोलली. दुकानदाराचे केस पिकले होते, जीभ तीच होती.

“ताई, बसतंय म्हंजी चालतंय!”

“बसायचं मला ठावं हाय. चालवून दावा.”

तिने स्वतःचा लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्याला माझी चपटी पिन लागतच नव्हती, त्याचं भोक लहान आणि गोलसर होतं. मग नाथाजींच्या कार्डासारखंच, तेवढ्याच साठ्याचं दुसरं कार्ड काढलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. दोन रीडर परत केले. तिसऱ्याने कार्ड वाचलं, तेव्हा कुठे तिने तो घेतला. माझ्या वेळी एवढं कुणी केलं असतं तर!

पुसलेल्या कार्डात खाली खुणा उरतात. नव्या रीडरने त्या वाचल्या आणि पल्लवीने एका प्रोग्रॅमने त्या दिवसभर जुळवल्या. संध्याकाळी वाडीवर लॅपटॉपमधून नाथाजी गाऊ लागले. बयाबाईने लॅपटॉप जवळ ओढून घेतला. मी शेजारीच पडलो होतो आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. तो माझ्या तोंडात होता, तरी मला ऐकू आला नव्हता.

पण फक्त दुसरा आणि तिसरा दिवस परत आला. पहिल्या दिवसावर आप्पासोंचे अर्ज बसले होते. रेशनकार्डाच्या नमुन्याखाली नाथाजींचं सुंबरान कायमचं गाडलं गेलं.

सुंबरानाशिवाय ओवी चालत नाही. म्हणून आता कॉलेजच्या सुट्टीत रोज दुपारी वाडीवर पल्लवी लहानपणापासून ऐकलेलं आठवून आठवून ते मांडायला शिकते. कॅमेरा चालू असतो आणि आप्पासो प्रत्येक कार्ड आधी रिकामंच लावून बघतात. पडद्यावर काही विचारणा आली की हात मागे घेऊन हाक मारतात, “पोरी, काय म्हंतंय बग गं!” नाथाजी घोंगडीवर बसतात, पुढ्यात पत्र्याची पेटी. मीही त्या पेटीवरच असतो, कुणी उचललं नाही म्हणून.

मित्रांनो, दुकानात जाल तेव्हा आपला कॉम्प्युटर कोणता, आपलं कार्ड कोणतं, हे घरून लिहून न्या. छातीवरच्या अक्षरांवर विसंबू नका. आणि आम्हा जुन्यांना जे येत नाही, ते आमच्याकडून करून घेऊ नका. त्यात आमची अब्रू जाते आणि तुमचं माणूस जातं.

पल्लवी सुंबरानातलं एखादं नाव विसरते, तेव्हा नाथाजी पेटीवर जोरात थाप मारतात. मी जागच्या जागी उडतो. ती थाप तिच्यासाठी असते की माझ्यासाठी, हे ते सांगू शकत नाहीत आणि मी विचारू शकत नाही.