बाळासोच्या नळाला आलेलं दूध

आमच्या कसबा बावड्यात बाळासोच्या मोटरीएवढी जोरकस मोटर दुसरी न्हाय. खोटं सांगत न्हाय, ती चालू झाली की गल्लीतल्या मांजरांच्या मिशा नळाकडं वळत्यात. एकदा माझ्या नळाला बांधलेलं गाळायचं फडकं आत वढलं गेलं, ते चार घरं पलीकडं ह्याच्या टाकीत निघालं. धुवून, पिळून!

ही मोटर त्यानं सरळ सरकारी नळालाच जोडलेली. "बाळासो, असं जोडायला बंदी हाय की रं. मोटर उचलून नेतील," मी सांगून सांगून दमलो. तो मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "आक्का, ज्याच्या मोटरीत दम, त्येचं पाणी."

त्याच्या नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, सकाळी सकाळी बोंब ठोकली. "दूध! नळाला दूध आलं!"

अख्खी गल्ली धावली. मीबी गेलो. पाणी पांढुरकं, वर फेस. चिमणाबाईनं तांब्या भरून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. म्हणाली, "देवानं बारशाचा आहेर धाडलाय. उद्या नाव ठेवलं की बाळाच्या तोंडात ह्येच तीर्थ घालायचं, चमचाभर."

तिची सून क्रांती बाळाला घेऊन दारात उभी हुती. "आत्ती, मला न्हाय बरं वाटत ते."

"गप बस. देवाच्या दानात खोट काढतीस व्हय?"

मी तांब्यात नाक घातलं. दूध कुठलं आलंय! सरकी पेंडीचा वास. ह्या गल्लीत सरकी पेंड खाणारं एकच माणूस, म्हंजे अंबादासची म्हस.

तडक त्याच्या गोठ्यात गेलो. म्हशीचं आंबोण टबात भिजत पडलेलं, पेंड, भुसा, समदं. त्यात नळाची पाईप पार तळापत्तुर सोडलेली आणि तोटी उघडी. म्हस टबात तोंड घालून फुरफुरत हुती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाण्याचा दाब उतरला की बाळासोची मोटर लायनीतनं चोखायला लागती. मग रसवंतीवर पोरं नळीनं रस वढत्यात तसं ह्या पाईपातनं म्हशीचं उष्टं लायनीत जातंय, आणि तिथनं बाळासोच्या नळाला.

परत येऊन सांगितलं, तर बाळासो खदाखदा हसला. "आक्का, ते फडक्याचं तूच सांगितलंस न्हवं? धुवून, पिळून?"

समदी गल्ली हसली. घ्या! एकदा खरं बोलाय गेलो, तर कोण ऐकंना.

पण मी काय गप बसणारी न्हवं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या आधी अंबादासला हाताशी धरलं आणि त्या टबात अर्धा किलो हळद कालवली. म्हस माझ्याकडं अशी बघाय लागली, जशी मी तिच्याच हळदीला आलोय. मग बाळासोच्या दारात जाऊन उभारलो आणि क्रांतीला म्हटलं, "पोरी, बाळाला घट्ट धर. आज कुणी थेंब पिऊ नका, नुसतं बघा."

पाणी आलं. आधी निवळ. दाब उतरला तशी बाळासोनं ऐटीत मोटर लावली. चिमणाबाई हात जोडून उभी. आलं की पांढुरकं! आणि मागनं भळाभळा पिवळं. पितांबर पिळावा तसं पिवळंधमक!

"आई गं!" चिमणाबाई मागं सरली.

"बाळासो," मी म्हटलं, "नळाला हळद लागली. नवरी गोठ्यात हाय, जाऊन जीभ बघून ये तिची."

तो पळत गेला. आला तेव्हा मिशी खाली आलेली. "पिवळी हाय," एवढंच बोलला.

क्रांतीनं बाळ माझ्या हातात दिलं, देव्हाऱ्यातला तांब्या उचलला आणि सासूच्या डोळ्यांदेखत गटारीत पालथा केला. "माझ्या लेकीच्या तोंडात माझ्या दुधाबिगर काय जाणार न्हाय." चिमणाबाईनं रिकामा तांब्या उचलून घासायला घेतला.

पाना आणून बाळासोनं स्वतः मोटर सोडवली. आता पाणी आपल्या पावलानं खालच्या टाकीत पडतंय आणि मोटर त्या टाकीतनं वर चढवती. अंबादासनं पाईप कापली. तिचं तोंड टबाच्या काठाच्या वर वीतभर लोंबतंय, पाण्याला शिवतबी न्हाय. वीतभर मोकळी हवा मधी असली की मागं वढायला काय घावत न्हाय. नळ निवळ होईस्तवर वाहू दिला, टाकी घासली, आणि बारशाला मोठ्या पातेल्यात उकळून पाणी केलं.

पण ते निवायला येळ कुठला? जयसिंगपूरचं पावणं कुरकुरलं, "पाणी कोमट दिलं की ओ."

मी म्हटलं, "पावणं, ही आमच्या तालमीतली जुनी रीत. बारशाला कोमट पाणी पिलं की पिणाऱ्याच्या घरात पैलवान जन्माला येतोय."

पावण्यानं आणखी दोन गिलास मागून घेतलं.