दाराच्या डाव्या अंगाला

लग्नघराची भिंत आमच्याकडे कोरी ठेवत नाहीत. दाराच्या दोन अंगांना दोन शिपाई, वर गणपती, खाली नवरानवरीची नावं, एवढं तरी हवंच. शिपाई काढायचे ते जोडीनेच, एकटा काढला तर अपशकुन. आणि एकदा काढलेलं चित्र हाताने पुसायचं नाही. पुसलं तर लेकीचा संसार पुसला म्हणतात. उन्हापावसाने जाईल तेव्हा जाईल.

अमळनेरजवळच्या त्या गावात दिपमालाचं लग्न निघालं आणि तिच्या काकाला, नवीनला, एक कल्पना सुचली. नवीनला कल्पना सुचली की घरच्यांनी सावध व्हावं, पण नवरीची आई रत्नाबाई बिचारी पापडकुरडयांत बुडालेली. नवीनचं म्हणणं, खोटे शिपाई कशाला? घरात खरा शिपाई आहे! नवरीचा बाप, हिलालआबा, कारगिलला लढून आलेला. नवीनने भावाच्या ट्रंकेतून जुना फोटो काढला आणि झिपरू पेंटरला दिला. फोटोत हिलाल होता आणि शेजारी त्याचा दोस्त सुकदेव, शिंदखेड्याकडचा, जो परत आला नाही. झिपरूला जोडी हवीच होती, ती आयती मिळाली. हिलालआबा पत्रिका वाटायला धुळ्याकडे गेलेला असताना झिपरूने दाराच्या उजव्या अंगाला हिलाल काढला, डाव्या अंगाला सुकदेव, दोघांच्या मागे डोंगर, धूर आणि लालभडक आग. वर नवीनने ऑईल पेंट वापरायला लावला. म्हणे, दहा वर्षं हलायचं नाही. मग दोन्हीकडे मांडवाचं कापड सोडून दिलं, भावाला अचानक दाखवायचं म्हणून.

रत्नाबाईला कुणी विचारलं असतं तर तिने हात जोडले असते. हिलालचा डावा कान गेला आणि मांडीत लोखंडाचा तुकडा राहिला, हे गावाला माहीत होतं. रात्री तो झोपत नाही, कुकरची शिट्टी झाली की घामाने भिजतो, कपातला चहा बशीत सांडतो, हे फक्त तिला आणि लेकीला माहीत. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या तुरडाळीच्या डब्यात असायच्या. पारोळ्याच्या व्याह्यांना तिने एवढंच सांगितलं होतं, कान जरा कमी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीराची पोर म्हणून सोयरीक जुळली होती, बाप डोक्याने गेलेला आहे असं कळलं असतं तर कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून तिने बँड नको, फटाके नकोत, सगळं आधीच ठरवून घेतलं होतं.

लग्नाच्या सकाळी नवीनने भावाला ओट्यावर बोलावलं आणि कापड ओढलं. हिलालने स्वतःला पाहिलं, चक्क हसला. मग मान वळवून सुकदेवला पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. तो आत गेला आणि कणगीच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसला.

घराला दार एकच. मागची भिंत भाऊबंदाच्या घराला चिकटलेली. दुपारी वऱ्हाड मारुतीच्या पारावर येऊन थांबलं आणि व्याह्याची गळाभेट घ्यायला मुलीचा बापच जायला हवा.

"चाला ना," रत्नाबाई त्याच्यापुढे बसून म्हणाली. "वऱ्हाड उनं."

"तो दारमा उभा शे, रत्ना. आते गोया पडी."

तोफेचा गोळा. सुकदेव असाच बंकरच्या तोंडाशी उभा होता, कशावर तरी हसत, आणि गोळा पडला. एवढं तिला हिलालने लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं.

"ते चित्र शे."

"माले माहीत शे. चित्रच शे. तरी पडी."

बाहेरून नवीन हाका मारत होता, "वहिनी, व्याही इचारी ऱ्हायनात!" पोट बिघडलंय, असं तिने आतूनच सांगून टाकलं. कोपऱ्यात चुन्याची बादली होती. तिने ती उचलली आणि परत ठेवली. लेकीच्या लग्नाच्या दिवशी लग्नाचं चित्र कुठली आई पुसेल? आणि ऑईल पेंटवर चुना टिकतो कुठे! तिला नवीनचा राग आला, आणि खरं सांगायचं तर हिलालचासुद्धा आला. आयुष्यभर झाकलं, आज एवढे चार तास निभले नसते का, असं वाटलं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटून तिला रडू आलं.

आतल्या खोलीतून दिपमाला आली, अंगभर हळद. तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, हळदीची वाटी उचलली आणि सरळ बाहेर गेली. सगळ्यांच्या देखत तिने सुकदेवच्या गालांना हळद लावली, कपाळाला लावली, हातापायांना लावली. बाया कौतुकाने बघत राहिल्या, एकीने हळदीचं गाणंही धरलं.

"आबा," ती दारातून वाकून म्हणाली, "सुकदेवकाकाले हळद लागनी. हळद लागेल माणूसले आपन एकला सोडतस का? मी उभी ऱ्हासू त्याजोडे. तुम्ही निंघा."

आणि ती चित्राला पाठ लावून, सुकदेवला झाकून उभी राहिली.

हिलाल उठला. रत्नाबाईचा हात त्याने इतका दाबला की बांगडी फुटली. तो बाहेर पडला, डावीकडे पाहिलं तर लेक दिसली. ओटा उतरला, पारावर गेला, व्याह्याला मिठी मारली. व्याही म्हणाले, तुमचा हात फार थंड आहे हो. लग्न पार पडलं, दिपमाला पारोळ्याला गेली.

दुसऱ्या सकाळी रत्नाबाईने सडा टाकायला दार उघडलं तर हळद वाळून ओट्यावर गळून पडलेली, आणि सुकदेवचा चेहरा लख्ख. आत कणगीमागून हिलालने विचारलं, "शे का तो?"

झाकून उभं राहायला लेक आता नव्हती. रत्नाबाईने दार लोटलं आणि वाटीत हळद कालवली.

आता ती रोज कालवते, हिलालला बाहेर पडायचं असलं की त्याच्याआधी. येणारेजाणारे थांबून बघतात. बायका म्हणतात, धन्य गं बाई, रोज शहिदाची पूजा करते. रत्नाबाई हो म्हणते, आणि रंग किती वर्षं टिकेल ते झिपरूला कधीच विचारत नाही.