ओव्हनमधल्या गाड्या

दादाला रेल्वेगाड्यांची आवड नाही. गाडीत बसलं की त्याला मळमळतं. त्याला आवड आहे त्यांच्या जुन्या वेळापत्रकांची आणि डायनिंग कारच्या, म्हणजे गाडीतल्या जेवणाच्या डब्याच्या, मेनूकार्डांची. जी गाडी आता सुटत नाही ती कधी सुटायची आणि जो स्वयंपाकी आता हयात नाही तो सूप कसलं द्यायचा, हे त्याला तोंडपाठ. आपल्या घरी आज जेवायला काय आहे, हे मात्र तो रोज विचारतो.

यापायी त्याचं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीच्या मामांनी उठताना सहज विचारलं, "आमची परतीची गाडी कधी आहे हो?" दादाने स्वतःच्या कपाटातल्या वेळापत्रकात बघून सांगितलं. मामा फलाटावर बसून राहिले. ती गाडी मामांच्या जन्माआधीच बंद झाली होती.

या वेळची मुलगी त्याने स्वतः पसंत केली होती आणि, नवल म्हणजे, तिनेही त्याला. आता तिचे आईवडील तिला घेऊन घर बघायला येणार होते.

"गाडी हा शब्द तोंडातून काढलास तर बघ," आईने बजावलं.

"मग ते कशाने आले म्हणून सांगू?"

"चालत."

सगळा संग्रह पलंगांखाली गेला. सगळ्यात दुर्मिळ वेळापत्रकं ओव्हनमध्ये गेली, कारण आमच्या ओव्हनमध्ये घेतल्यापासून फक्त तवे राहतात. एकच मेनूकार्ड टेबलावर राहून गेलं. सोनेरी किनारीचं, जाड, आदल्याच दिवशी आलेलं.

मुलीचे वडील दातांचे डॉक्टर. बसल्याबसल्या त्यांनी नेमकं तेच उचललं आणि खालपर्यंत वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे... छापूनच घेतलंय तुम्ही?"

बाबांना कमी ऐकू येतं. न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला ते मान डोलवतात. "पहिल्यापासून," ते म्हणाले.

"मग मला हे भाजलेलं पुडिंग चालेल. ओव्हनमधलं लिहिलंय."

"लगेच करते," म्हणून आई आत गेली. आई पाहुण्यांपुढे नाही म्हणत नाही. ते सगळं ती आमच्यासाठी राखून ठेवते.

दादा पांढरा पडला. "काका, सूप घ्या ना. सूप छान असतं."

"नको. सुपाने मला घाम येतो."

आतून कट् असा आवाज आला. दादाने मुलीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग परत मुलीकडे. आणि उठून उभा राहिला.

"आई, ओव्हन लावू नकोस. त्यात माझ्या गाड्या आहेत."

आता बुडालोच आहोत तर नीट बुडू, अशा आवाजात तो पुढे म्हणाला, "गाड्यांची वेळापत्रकं. बंद पडलेल्या गाड्यांची. मी गोळा करतो. आणि ते कार्ड आमचं नाही, डायनिंग कारचं आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे हे या घरचे नियम नाहीत?"

"कुठले?"

त्यांनी वाचून दाखवलं. "दुसरी घंटा होताच पहिल्या पंगतीने खुर्च्या सोडाव्यात. मुलांना अर्धी वाढ. वाढप्याशी वाद घालू नये, तक्रार गार्डकडे करावी."

"शेजारून वाचताना माझा तर जीवच गेला होता," त्यांची बायको म्हणाली. "आमची लेक एकेक घास किती वेळ चावते. हिचं जेवण व्हायचं कधी?"

"चावायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. "आणि गार्ड म्हणजे मला वाटलं, हे." त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी मान डोलवली.

"मग पुडिंग कशाला मागितलंत?" मी विचारलं.

"एवढं कार्ड छापलेलं, काही मागवलं नाही तर बरं दिसेना. माझं गोड बंद आहे." त्यांनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

आई वेळापत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. "नुसता आतला दिवा लावला होता. चालू करायच्या आधी आत बघते मी."

दादाने जो श्वास सोडला, त्याने वरचं पान उलटलं. मुलीने उठून गठ्ठा आईच्या हातून घेतला, पुसला आणि सरळ मांडीवर घेऊन बसली. "यातली आमच्याकडे येणारी कुठली?" तिने विचारलं. मी मनातल्या मनात तिला वहिनी म्हणून टाकलं.

निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "आमची शेवटची बस कधी आहे?"

दादाने तोंड उघडलं.

"त्याला विचारू नका," आई, मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.