किटलीविना निघालेली चिमणाबाई

मी किटली बोलतेय. चहाची नव्हे, दुधाची. पेठ वडगावच्या बाजारात चिमणाबाईनं मला टकटक वाजवून घेतलं, तेव्हापासून रोज सकाळी तिच्या हातात लटकत गावच्या डेअरीत जाते. माझ्या बुडाला पोचा आहे. वाटेत तिचा गुडघा दगा देऊन गेला, तेव्हाचा.

डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, साखर वाढलीय. व्यायाम करा."

"धारा काढतो, शेण काढतो, वैरण आणतो. आणि कसला व्यायाम?"

गावातल्या सगळ्याच बायका असं म्हणतात. कष्टानं गुडघे झिजले, तरी कष्टालाच व्यायाम म्हणायचं.

स्वप्नाली शहरातून शिकून आली आणि तिनं तालमीत सकाळी सहाला बायकांचा व्यायामवर्ग सुरू केला. कुणी फिरकलं नाही. सहाला सगळ्या बायका डेअरीच्या रांगेत असतात, हे गावातच वाढलेल्या पोरीला आठवलं नाही. शिवाय तालमीत बाई गेलेली मारुतीला चालत नाही म्हणे. मारुतीला विचारलं कुणी?

मग स्वप्नालीच डेअरीपुढं आली. "काकू, किटल्या रांगेत ठेवा आणि इकडं पटांगणात या."

"लुगड्यात उड्या मारू व्हय? गाव हसंल की."

"उड्या न्हाईत. नुसतं हात वर करायचं."

आम्ही किटल्यांनी नंबर धरले. चिमणाबाईनं भीत भीत हात पसरले.

"वैनी, इमान उडवताय काय?" दूध घालायला आलेला बाळासो रांगेतनं म्हणाला.

"व्हय. बसतोस?"

सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून ती रोज हात पसरू लागली. हळूहळू भिंतीचा आधार न घेता उठू लागली. घरी मात्र बोलली नाही. नवऱ्याला, आण्णांना, वाटायचं, रांग मोठी असते म्हणून हिला उशीर होतो.

परवा म्हैस आटली. डेअरीचं काम संपलं, म्हणजे निमित्तही संपलं. सकाळी चिमणाबाई मला हातात घेऊन उंबऱ्यापाशी थांबली. रिकामी किटली घेऊनच ही जाणार, असं मला वाटलं.

"दूध न्हाय, मग कुठं निघालीस?" आण्णांनी विचारलं.

तिनं मला खुंटीला अडकवलं. "व्यायामाला."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या की. बायका तितं वाट बघत्यात."

तिची पावलं अंगणातून रस्त्याला लागलेली मी ऐकली.

खुंटीवर मी कोरडी आहे, पण खुशीत आहे. म्हैस व्याली की पुन्हा रांगेत उभी राहीन. बायांनो, तोवर माझ्यासाठी थांबू नका.