नापास

मी अकरा वर्षांची असताना गणितात नापास झाले, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आमचं गाव लिथुआनियातलं कोव्हनो. नाझी आले आणि गावातल्या सगळ्या ज्यूंना त्यांनी नदीपलीकडच्या वस्तीत कोंडलं. भोवती काटेरी तारा, फाटकावर बंदुका. आम्ही ज्यू होतो, एवढाच आमचा गुन्हा. कोटावर पुढे एक आणि पाठीवर एक असे पिवळे तारे शिवावे लागत. पहिल्याच शरदात माझ्या वडिलांना आणि हजारो माणसांना टेकडीवरच्या किल्ल्याकडे नेलं आणि गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी हुकूम निघाला : शाळा बंद. शिकवताना सापडेल त्याला शिक्षा.

आमच्या शाळेच्या रुडनिकबाईंनी हुकूम वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून धोबीखान्यामागच्या खोलीत आम्हा सहा मुलींना रफूच्या कामावर लावून घेतलं. जर्मन सैनिकांचे फाटके मोजे पुढ्यात घ्यायचे आणि मोज्यांआड भूगोल, इतिहास, गणित शिकायचं. वह्या नव्हत्या. गंजक्या पत्र्यावर विटेच्या तुकड्याने लिहायचं.

फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, "रविवारी पाचवीची परीक्षा. परीक्षक बाहेरचे येणार."

"परीक्षा? इथे?" माझी मैत्रीण श्प्रिंत्से म्हणाली. "बाई, पेपर फुटला तर पोलीस पकडतील की तुम्ही?"

"मी. आणि मी जास्त वाईट."

परीक्षक म्हणजे गुरविचसर. पूर्वी ते मोठ्या शाळेत गणित शिकवत. आता विमानतळावर दगड वाहत. हातांना चिरा पडलेल्या, पण त्या दिवशी सर टाय बांधून आले. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो.

माझ्या वाट्याला गणित आलं : दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. मी लिहीत होते तेवढ्यात बाहेरच्या धोबिणीने बादली आपटली. ती खूण होती. मी पत्र्यावर बसले. सरांनी टाय शर्टात कोंबला आणि एक मोजा हातावर चढवला. जर्मन मुकादम आत आला.

"हा म्हातारा कोण?"

"नवा रफूवाला आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"कर बघू रफू."

सरांनी सुई घातली, ओढली, पुन्हा घातली. मोज्याचा पार बटाट्यासारखा गोळा झाला. मुकादमाने तो हिसकावला, बघितला आणि सरांच्या तोंडावर फेकला. "ह्याला नीट शिकवा!" रफू झालेल्या मोज्यांची टोपली उचलून तो गेला.

पावलं दूर गेल्यावर सर हळूच म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा नापास झालो."

आम्ही तोंडात मोजे कोंबून हसलो.

मी उठले तर अर्धं गणित पत्र्यावर आणि अर्धं माझ्या झग्यावर उलटं उमटलेलं. सरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि झगा वाचून गणित तपासलं. उत्तर होतं तीन सप्तमांश. वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवले होते मी.

"नापास," सर म्हणाले.

मी रडले. संध्याकाळी आई मला घेऊन बाईंकडे गेली. "पोरीने पत्र्यावर बसून सगळ्यांना वाचवलं. उद्याचा दिवस दिसेल की नाही ठाऊक नाही, आणि तुम्ही अपूर्णांकांपायी अडून बसलात! करा की पास."

"तिच्या हिमतीला शंभरपैकी शंभर," बाई म्हणाल्या. "पण दया करून पास केलं, तर पोरीला उद्या नाही हे मीच मान्य केलं असं होईल. तिचा उद्या मी नाझींना हिरावू देत नाही, तर स्वतः कसा हिरावू?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "फ्रुमे, डोळे पूस. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा."

घरी आल्यावर आईने भाकरीचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. "ह्याचे आधी तीन भाग कर," ती म्हणाली. "मग बघू."

तीन आठवड्यांनी सर पुन्हा टाय बांधून आले. मी पास झाले. बाईंनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसाशी करावं तसं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सैनिक घरोघर शिरले आणि लहान मुलं, म्हातारी माणसं ट्रकमध्ये भरून घेऊन गेले. श्प्रिंत्से गेली. गुरविचसर गेले. मी उंच होते. आईने माझं वय सोळा सांगितलं. उन्हाळ्यात उरलेल्या आम्हा बायकांना समुद्राकाठच्या श्टुटहोफच्या छावणीत नेलं. तिथे थंडीत तासन्‌तास हजेरीला उभं करायचे. माझ्या मागे रुडनिकबाई उभ्या असायच्या. ओठ न हलवता त्या पुटपुटायच्या, "क्ष अधिक सात बरोबर बारा. क्ष किती?" सातवीचं बीजगणित मी तिथे शिकले. जानेवारीत बाई तापाने गेल्या. आदल्या दिवशीही त्यांनी मला एक गणित घातलं होतं.

युद्ध संपलं. आई आणि मी वाचलो. बव्हेरियात निर्वासितांच्या वस्तीत शाळा निघाली, तेव्हा तिथल्या मास्तरांनी कीव येऊन विचारलं, "बाळ, चार वर्षं शाळा नव्हती ना? खालच्या इयत्तेत बसवू का?"

"शाळा होती," मी म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

त्यांनी तासभर विचारलं. मग मला आठवीच्या वर्गात नेऊन बसवलं. मी चौदा वर्षांची होते. एक वर्षही मागे नव्हते.